हीमोफिलिया : विकसनशील देशांतील चिकित्सा व जीवितमान

रक्तक्लथनास (रक्त साखळण्यास) आवश्यक असलेल्या प्रथिनाच्या न्यूनतेमुळे होणाऱ्या आनुवंशिक रोगास हीमोफिलिया म्हणतात. घटक ८ च्या न्यूनतेमुळे ‘अ’ प्रकार व घटक ९ च्या न्यूनतेमुळे ‘ब’ प्रकार उद्‌भवतो. दोन्ही घटकांचे जीन एक्स गुणसूत्रावर असल्याने रोग बहुधा पुरुषांत प्रकट होतो व स्त्रिया वाहक असतात. सु. एक-तृतीयांश रुग्णांत तो नव्या उत्परिवर्तनाने होतो; त्यांच्या कुटुंबात पूर्वेतिहास आढळत नाही. हा रोग सर्व मानववंशांत आढळतो. रुग्ण किती वर्षे जगेल हे मात्र तो कोणत्या देशात जन्मला यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

जीवितमान : स्वीडनमध्ये १८३१–१९२० या काळात तीव्र हीमोफिलियाच्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान केवळ ११ वर्षे होते. घटकोपचार उपलब्ध झाल्यावर, १९६१–८० या काळात, ते सु. ५७ वर्षे झाले. रोग तोच राहिला. बदलली ती चिकित्सा. संपन्न देशांतील नोंदणीपटांवरून २०१९ मध्ये केलेल्या गणनेनुसार जगात सु. ११,२५,००० पुरुषांना हा रोग असावा व त्यांपैकी सु. ४,१८,००० रुग्ण तीव्र स्वरूपाचे असावेत. प्रत्यक्षात नोंदले गेलेले रुग्ण याहून पुष्कळच कमी आहेत. दरिद्री देशांत काहींचे निदानच होत नाही, तर काही निदानापूर्वीच दगावतात. त्यामुळे तेथील नोंदींत प्रौढ तीव्र रुग्णांचे प्रमाण अल्प असते.

मेंदूतील रक्तस्राव, सुंता, दात काढणे किंवा किरकोळ अपघात ही मृत्यूची कारणे होत. जे वाचतात त्यांच्या गुडघा, घोटा व कोपर या सांध्यांत वारंवार रक्तस्राव होऊन सांधे आखडतात आणि ऐन शाळेच्या वयात अपंगत्व येते.

निदान : प्राथमिक चाचण्यांना फारसा खर्च येत नाही. प्रोथ्रॉम्बिन काल प्राकृत (सर्वसामान्य) व सक्रियित आंशिक थ्रॉम्बोप्लास्टिन काल वाढलेला आढळल्यास संशय बळावतो. घटकमापनाने निश्चिती होते. घटकाची पातळी प्राकृताच्या १ टक्क्याहून कमी असल्यास रोग तीव्र, १ ते ५ टक्के असल्यास मध्यम व त्याहून अधिक असल्यास सौम्य समजतात. अशा रुग्णास ॲस्पिरिन व स्नायूंतील अंतःक्षेपण (इंजेक्शन) वर्ज्य असते.

चिकित्सा : उणा घटक नीलेतून देणे हे चिकित्सेचे मूळ सूत्र होय. १९६४ मध्ये ज्यूडिथ पूल यांनी गोठविलेला रक्तद्रव हळूहळू वितळवून घटक ८ समृद्ध असलेला शीतावक्षेप मिळविण्याची रीत प्रसिद्ध केली. साध्या रक्तपेढीतही तो तयार करता येतो. मात्र त्यात घटक ९ पुरेसा नसल्याने ‘ब’ प्रकारात तो निरुपयोगी ठरतो. शिवाय त्यातील विषाणू नष्ट केलेले नसतात. संहत घटकही आरंभी निर्धोक नव्हते. अनेक दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून ते बनवीत असल्याने १९८५ च्या सुमारास उष्णता-प्रक्रिया रूढ होईपर्यंत हजारो रुग्णांना एड्सच्या विषाणूची बाधा झाली. १९९२ पासून जनुकीय तंत्राने बनविलेला घटक ८ मिळू लागला.

रक्तस्राव होण्यापूर्वीच नियमित घटक देणे ही श्रेष्ठ पद्धती होय. २० किग्रॅ. वजनाच्या मुलास दर किग्रॅ. ला ३० एकके आठवड्यातून तीनदा दिल्यास वर्षाला सु. ९३,६०० एकके लागतात. १० एकके दोनदा दिल्यास सु. २०,८०० एकके पुरतात. या अल्पमात्रा पद्धतीने संरक्षण पूर्ण मिळत नाही. तथापि केवळ रक्तस्रावानंतर उपचार करण्यापेक्षा ती सरस ठरली आहे. ‘अ’ प्रकारासाठी २०१७ पासून उपलब्ध झालेले एमिसिझुमॅब त्वचेखाली देता येते. परंतु त्याची किंमत हा मोठा अडसर आहे.

भारतातील स्थिती : १९८३ मध्ये हीमोफिलिया फेडरेशन (इंडिया) ही संस्था स्थापन झाली. मुंबई येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत वाहक स्त्रियांची तपासणी व गर्भावस्थेतील निदान केले जाते. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने अल्प मात्रेत शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखविल्या. तेथेच ‘अ’ प्रकाराच्या ५ रुग्णांवर केलेल्या जीन-चिकित्सेचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमात या रोगाचा समावेश आहे. जिल्हा पातळीवर निदान, घटकाचा अखंड पुरवठा व घरीच अंतःक्षेपण देण्याचे शिक्षण या तीन गोष्टी साधल्यास मर्यादित साधनांतही बहुसंख्य रुग्ण प्रौढत्व गाठू शकतात.