रसद आणि आकाशमार्ग : एअर कमोडोर मेहरसिंग यांची कारकीर्द

त्र्यंबकेश्वराच्या पाठीशी उभा असलेला ब्रह्मगिरी सुमारे ४,२४८ फूट उंच असून त्याच्या माथ्यावरील त्र्यंबकगड निसर्गाने तासलेल्या उभ्या कड्यांमुळेच दुर्गम झालेला आहे. मोरोपंत पिंगळे यांनी १६७० मध्ये तो स्वराज्यात आणला आणि १८१८ च्या एप्रिलमध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. अशा गडाचे बळ कड्यांत जितके असते तितकेच ते अंबारखान्यात आणि पाण्याच्या टाक्यांत असते. वर जाण्याच्या वाटा मोजक्या असल्या म्हणजे शत्रूला चढणे कठीण जाते हे खरे. परंतु त्याच मोजक्या वाटा शत्रूने रोखल्या की वर धान्याचा एक दाणाही जात नाही. वेढा म्हणजे वस्तुतः वाटांचा ताबा होय. तो उठविण्याचा तिसरा मार्ग, म्हणजे तट न फोडता व वाट न उघडता वरून धान्य उतरविण्याचा मार्ग, विसाव्या शतकापूर्वी कोणत्याही सेनापतीला उपलब्ध नव्हता. हा मार्ग भारतात प्रत्यक्षात आणणाऱ्यांमध्ये एअर कमोडोर मेहरसिंग यांचे स्थान अग्रभागी आहे.

त्यांच्या कारकिर्दीचा विचार करण्यापूर्वी ‘रसद’ या शब्दाकडे थोडे लक्ष देणे उपयुक्त ठरेल. हा शब्द फारसीतून मराठीत आला असून त्याच्या मुळाशी ‘रसीदन’, म्हणजे पोहोचणे, हा धातू आहे. ‘रसीद’ हा शब्दही त्याच धातूपासून झालेला आहे. मराठीने ‘पावणे’ या क्रियापदापासून ‘पावती’ हा शब्द घडविला, तेव्हा तिनेही नेमका हाच अर्थव्यापार केला; वस्तू पावली याची खूण ती पावती. तात्पर्य, कोठारात साठविलेले धान्य ही व्युत्पत्तीच्या दृष्टीने रसद नव्हेच. जे पोहोचले तीच रसद. सैनिकी विमानवाहतुकीच्या सेनानायकाचे मोजमाप करावयाचे तर किती विमाने उडाली हे पाहून भागत नाही, किती भार पोहोचला हे पाहावे लागते. आणि त्याला हा शब्द जितका उपयोगी पडतो तितका ‘वाहतूक’ हा आजचा रूढ शब्द पडत नाही. मराठी लष्करी पत्रव्यवहारातील ‘कही’ ही संज्ञाही, जिचा अर्थ वैरण व दाणागोटा आणावयास निघालेली टोळी असा होतो, अशीच आता विस्मृतीत गेली आहे.

रसद तुटली म्हणजे काय होते हे मराठी वाचकाला पानिपताने पुरेसे शिकविले आहे. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि दोआबातून येणारा पुरवठा जवळजवळ बंद पडला. १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊसाहेबांचे सैन्य लढावयास बाहेर पडले ते उपासमार असह्य झाल्यामुळे. त्या छावणीत लढवय्यांबरोबर बिनलढाऊ माणसांचाही मोठा जमाव होता, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावयास हवी.

मेहरसिंग यांचा जन्म १९१५ मध्ये त्या वेळच्या लायलपूर जिल्ह्यात झाला. क्रॅनवेल येथील शिक्षण संपवून १९३६ मध्ये ते भारतीय वायुदलात दाखल झाले. प्रारंभीची वर्षे वायव्य सरहद्दीवर गेली. तेथे एकदा गोळीबारामुळे त्यांचे विमान टोळीवाल्यांच्या मुलुखात कोसळले असता ते आपल्या गोलंदाजासह पायी चालत लष्करी ठाण्यापर्यंत सुखरूप आले. पुढे १९४२ च्या अखेरीस उभारलेल्या सहाव्या स्क्वाड्रनचे नेतृत्व त्यांच्याकडे आले आणि ही हरिकेन विमानांची तुकडी आराकानच्या आघाडीवर टेहळणीचे काम करू लागली. तेथील कामगिरीबद्दल १९४४ मध्ये त्यांना डी. एस. ओ. हा बहुमान मिळाला. भारतीय वायुदलात तो अन्य कोणास मिळालेला नाही.

येथवरची कारकीर्द लढाऊ व टेहळणी वैमानिकाची आहे. तीत मालवाहू विमानाचा संबंध दिसत नाही. तथापि आराकानमधील १९४४ चा फेब्रुवारी महिना या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्या महिन्यात जपानी सैन्याने सातव्या भारतीय डिव्हिजनला वेढले. तोपर्यंतच्या प्रघाताप्रमाणे वेढले गेलेले सैन्य माघार घेऊ लागे; या खेपेस मात्र त्याने जागा सोडली नाही, कारण डाकोटा विमानांनी त्याला वरून अन्न व दारूगोळा पुरविला. प्रारंभी शत्रूच्या विमानांमुळे विमाने परतवावी लागली, तेव्हा वाहतूक विमानदळाचे अमेरिकन प्रमुख ब्रिगेडियर जनरल विल्यम ओल्ड हे स्वतः आघाडीच्या विमानात बसून निघाले. मेहरसिंग यांची तुकडी त्या वेळी त्याच रणभूमीवर होती. वेढ्याचा अर्थ बदलला आहे, ही गोष्ट तेथे असलेल्या कोणाही जाणत्या अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

फाळणीने वायुदलाचीही वाटणी केली. मेहरसिंग यांनी घडविलेला सहावा स्क्वाड्रन, जो तोवर डाकोटा विमानांनी सज्ज झाला होता, पाकिस्तानच्या वाट्यास गेला. पुढे उत्तरेकडील पर्वतांत दुसऱ्या बाजूच्या सैन्याला रसद टाकण्याचे काम त्याच क्रमांकाच्या तुकडीने केले. इतिहासाचा हा विनोद फारसा सुखद म्हणता येणार नाही. भारताकडे वाहतुकीसाठी मुख्यतः बारावा स्क्वाड्रन उरला. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांच्या हाताखालील पहिली शीख पलटण याच तुकडीच्या व खाजगी विमान कंपन्यांच्या डाकोटांतून दिल्लीहून श्रीनगरला उतरली आणि पुढील सुमारे तीन आठवड्यांत दिल्ली–श्रीनगर अशा जवळजवळ सातशे फेऱ्या झाल्या. जम्मू-काश्मीरमधील हवाई कारवायांचे नेतृत्व लवकरच मेहरसिंग यांच्याकडे आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते.

श्रीनगरला निदान विमानतळ होता. पूंछला तोही नव्हता. नोव्हेंबर १९४७ पासून हे गाव वेढ्यात सापडले होते आणि ब्रिगेडियर प्रीतमसिंग यांच्या सैन्याबरोबर तेथे तीस ते चाळीस हजार निर्वासित अडकले होते. पानिपतावरील बिनलढाऊ जमावाचे स्मरण व्हावे अशीच ही स्थिती होती. सैन्य तेवढे असते तर विमानातून पोती टाकून काही काळ निभावले असते. परंतु एवढ्या मुखांना पुरेल इतके धान्य वरून टाकणे अशक्य होते. शिवाय टाकलेल्या मालातील काही फुटतो, काही शत्रूच्या हद्दीत पडतो, आणि जखमींना तर मुळीच बाहेर काढता येत नाही. विमान जमिनीवर उतरले पाहिजे हा निष्कर्ष अपरिहार्य होता. गावाच्या कवायतीच्या मैदानावर सैनिक व निर्वासित यांनी मिळून धावपट्टी तयार केली. ही पट्टी आखूड होती, भोवती ओढे व डोंगर होते आणि ती शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यात होती.

डिसेंबर १९४७ मध्ये या पट्टीवर पहिले डाकोटा मेहरसिंग यांनी स्वतः उतरविले. त्यांच्यासमवेत एअर व्हाइस मार्शल सुब्रतो मुखर्जी हे होते. नंतर तोफा तातडीने पोहोचविण्याची निकड उत्पन्न झाली, तेव्हा तेलाच्या दिव्यांच्या उजेडात रात्री विमान उतरविण्याचे धाडसही त्यांनी केले. सर्वसामान्य वर्णनांत या प्रसंगांचे शौर्य तेवढे सांगितले जाते. अधिक विचारात घेण्यासारखी गोष्ट नंतरची आहे. त्या पहिल्या उतरण्यानंतर तुकडीचे इतर वैमानिक पूंछला जाऊ लागले आणि ही ये-जा नित्याची झाली. जाताना धान्य, औषधे व दारूगोळा, येताना जखमी व निर्वासित, असा तिचा क्रम होता. नोव्हेंबर १९४८ मध्ये जमिनीवरून येणारे सैन्य पूंछला मिळाले तोवर, म्हणजे एक वर्षभर, गाव टिकले.

लेहची गोष्ट निराळी आहे. तेथे शत्रूपेक्षा हवा अधिक आडवी येत होती. लेहचे पठार साडेदहा हजार फुटांहून उंच आहे, म्हणजे ब्रह्मगिरीच्या जवळजवळ अडीचपट. इतक्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने तीनचतुर्थांशाहूनही किंचित कमी असते. पंखांनी तेवढाच भार उचलावयाचा तर विमानाचा खरा वेग सुमारे एक षष्ठांशाने वाढवावा लागतो. आणि धावेची लांबी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने धावपट्टी सव्वापटीहून अधिक लांब लागते. त्याच वेळी विरळ हवेमुळे इंजिनांची शक्ती मात्र घटलेली असते. दुपारपर्यंत ऊन व वारा वाढून अडचणी दुणावतात, म्हणून लेहची उड्डाणे आजही मुख्यतः सकाळीच होतात. डाकोटाचे शरीर दाबबंद नव्हते. झोजीला व फोतूला या खिंडींच्या परिसरातील शिखरे टाळावयाची तर त्या विमानाला त्याच्या क्षमतेच्या शेवटच्या टोकापर्यंत, तेवीस हजार फुटांच्या आसपास चढावे लागे. पंखांवरील बर्फ काढण्याचे साधन नव्हते आणि या मार्गाचा विश्वसनीय हवाई नकाशाही उपलब्ध नव्हता.

लेहची धावपट्टी अभियंते सोनम नोर्बू यांच्या देखरेखीखाली तयार झाली होती. २४ मे १९४८ रोजी मेहरसिंग तेथे उतरले. मेजर जनरल थिमय्या त्यांच्या विमानात प्रवासी म्हणून होते. ज्याच्या सैन्याला त्या मार्गाने जावयाचे त्या सेनापतीलाच प्रथम बरोबर नेण्यात मोठे औचित्य होते. त्यानंतर बाराव्या स्क्वाड्रनची विमाने सैन्य घेऊन लेहला येऊ लागली आणि लडाखचे ते मुख्य ठाणे वाचले.

विमानदळाच्या प्रमुखाने स्वतः असे संकट पत्करावे काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो आणि तो टाळणे योग्य होणार नाही. त्याच १९४८ साली जूनमध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली आणि त्या शहराला विमानांनी जगविण्याचे काम लवकरच मेजर जनरल विल्यम टनर यांच्याकडे आले. आसाममधून हिमालयाच्या पूर्व रांगांवरून चीनला माल नेणाऱ्या प्रसिद्ध हवाई मार्गाची सूत्रे त्यांनी १९४४ पासून सांभाळली होती. १३ ऑगस्ट १९४८ रोजी खराब हवेत बर्लिनवर विमानांची कोंडी होऊन अपघात झाले; त्या गर्दीत टनर यांचेही विमान घिरट्या घालीत होते. त्यानंतर त्यांनी नियम केला की, पहिल्या प्रयत्नात जे विमान उतरू शकणार नाही त्याने दुसरा प्रयत्न न करता माल घेऊनच परत जावे. वरवर उधळपट्टी वाटणाऱ्या या नियमाने मार्ग मोकळा राहिला. एप्रिल १९४९ मध्ये एका दिवसात १,३९८ फेऱ्यांनी १२,९४१ टन माल पोहोचविला गेला. टनर यांच्या पद्धतीत धाडसाला स्थान नव्हते. जे काम रुक्ष व एकसुरी वाटेल तेच त्यांच्या मते नीट चाललेले काम होते.

या तुलनेवरून मेहरसिंग यांची पद्धत जुन्या वळणाची होती असे म्हणण्याचा मोह होतो. तो सयुक्तिक नाही. बर्लिनला विमानतळ, रडार, नकाशे व शेकडो विमाने होती. तेथे ज्ञात गोष्टींची घडी बसवावयाची होती. पूंछ व लेह येथे विमान उतरू शकते की नाही हेच मुळात अज्ञात होते, आणि ते कागदावरील गणिताने पुरते ठरण्यासारखे नव्हते. पहिले उड्डाण ही तेथे एक परीक्षा होती. ती हाताखालच्या तरुणावर न सोपविता प्रमुखाने स्वतः दिली. आराकानात ओल्ड यांनीही हेच केले होते. मात्र पूंछच्या पट्टीवर विमानाच्या नेहमीच्या मर्यादेहून जादा भार उतरविण्यासारख्या गोष्टी नियम म्हणून कोणी अनुकरणीय मानू नयेत. त्या त्या घटकेपुरत्या होत्या. अशा स्वभावाचा अधिकारी शांततेच्या काळातील कचेरीत कितपत रमला असता याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

तशी वेळ आलीच नाही. वरिष्ठांशी मतभेद होऊन १९४८ मध्येच, काश्मीरचे युद्ध चालू असतानाच, त्यांनी वायुदल सोडले आणि ते पतियाळाच्या महाराजांचे सल्लागार झाले. त्यांना महावीरचक्र जाहीर झाले ते १९५० मध्ये. मार्च १९५२ मध्ये जम्मूहून दिल्लीस येताना त्यांचे लहान विमान वादळात सापडून कोसळले व त्यातच त्यांचा अंत झाला. सदतीस वर्षेही पुरती झाली नव्हती. वाहतूक विमानदळ वाढण्याच्या पुढील दशकात त्याला सर्वांत अनुभवी माणसाचा उपयोग झाला नाही, ही हानी सन्मानचिन्हाने भरून निघणारी नव्हती.

लेहचा मार्ग मात्र चालू राहिला आणि पुढे सरकला. जुलै १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पाठीवर जादा जेट इंजिन बसविलेले पॅकेट विमान दौलत बेग ओल्डी येथे, सुमारे १६,६०० फुटांवर उतरविले. एवढ्या उंचीवर विमान उतरविण्याचा तो त्या वेळचा उच्चांक होता. डिसेंबर १९७१ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण टांगाईलजवळ उतरविण्यात आली, तेव्हा सुमारे पन्नास विमानांच्या त्या ताफ्यात डाकोटाही होतीच. आणि ती पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची होती. दौलत बेग ओल्डीची पट्टी मधल्या काळात निकामी होऊन पडली होती. मे २००८ मध्ये तेथे ए. एन. ३२ विमान उतरले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये सी-१३० जे जातीचे, राजे यांच्या पॅकेटच्या मानाने कितीतरी अवजड असे विमान त्याच मुरमाड पट्टीवर येऊन थांबले.