मायलेकींचा अबोला

कुटुंबांतील सर्व अबोल्यांत मायलेकींचा अबोला पाहण्यास फार कठीण. भाऊबंदांचें भांडण निदान कोर्टांत तरी मिटतें. या भांडणास न्यायाधीशच नाहीं. श्रीमती रेणुका शहाणे यांचा ‘त्रिभंग’ हा चित्रपट ता. १५ जानेवारी २०२१ रोजीं नेटफ्लिक्सवर आला, त्याचा विषय हाच आहे. भाषा मुख्यतः हिंदी, मधून मधून मराठी व इंग्रजी. पण घर अस्सल मराठी, आणि तेंही आपल्याच वर्गांतलें.

नयनतारा आपटे ही नामवंत मराठी लेखिका. लेखनावरून सासरीं नित्य कुरबूर होते आणि अखेर मुलांना घेऊन ती घर सोडते. पुढें तिच्या जीवनांत आलेला पुरुष तिच्याच कोवळ्या मुलीशीं दुर्वर्तन करतो, आणि लेखनांत गढलेल्या आईच्या तें ध्यानींही येत नाहीं. ही मुलगी अनुराधा मोठी होऊन ओडिसी नर्तकी व नटी होते. परंतु जन्मदात्रीस ‘आई’ न म्हणतां ‘नयन’ अशी नांवानें हांक मारते. त्या एका हांकेंत सारी फिर्याद आली. आई बेशुद्ध होऊन रुग्णालयांत पडते, तेव्हां दोघींनीं बोलण्याची वेळ निघून गेलेली असते. तन्वी आझमी व काजोल यांचीं कामें उत्तम. काजोलच्या तोंडच्या शिव्या मात्र वडीलधाऱ्यांसमवेत ऐकवत नाहींत, हें आधींच सांगून ठेवतों.

संस्कृताच्या जुन्या शिक्षकास नांवाचा मोह आवरत नाहीं. मान, कंबर व गुडघा अशा तीन ठिकाणीं वांकलेली मूर्ति ती त्रिभंग. वेणुधारी कृष्ण सर्वांच्या परिचयाचा आहे. अनुराधा स्वतःस त्रिभंग, आईस अभंग आणि आपली मुलगी माशा हिला समभंग म्हणते. शिल्पशास्त्रांतला शब्द वस्तुतः ‘आभंग’, म्हणजे किंचित् कललेला; पण लेखिकेस ‘अभंग’ म्हटलेलें मराठी कानास अधिकच गोड लागतें.

आम्हांस सर्वांत बोंचली ती माशा. आईचें चाकोरीबाहेरचें आयुष्य सोसलेली ही मुलगी आपण होऊन जुन्या वळणाच्या कुटुंबांत पडते. आपल्या अपत्यास तरी चारचौघांसारखें घर लाभावें म्हणून. एकत्र कुटुंबाचे अभिमानी येथें टाळ्या पिटतील. त्यांनीं जरा थांबावें. नयनताराही सासूच्या घरांतूनच बाहेर पडली होती. तेथें तिच्या लेखणीस एक कोपरा मिळता तर? घर माणसें सांभाळतें तसें तोडतेंही, हें आम्हां मुरुडकरांस कोणी शिकवावयास नको. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं विधवेशीं विवाह केला, तेव्हां याच गांवानें त्यांजवर बहिष्कार घातला व घरच्यांस त्यांना घरांत घेणें अवघड झालें. पुढें १९५८ सालीं ते भारतरत्न झाले, आणि गांवास त्यांचा अभिमान वाटूं लागला!

जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’मध्यें (१९८२) स्मिता पाटील यांची सुलभा लहान मुलीस सासरीं ठेवून कामावर जाते. तेथें बाजू आईची होती. तशा मुलीचें म्हणणें काय असेल, तें ‘त्रिभंग’ ऐकवतो; आणि तें ऐकवणारी दिग्दर्शिका स्वतः लेखिका शांता गोखले यांची कन्या आहे. २००९ चा तिचा ‘रीटा’ हा चित्रपट आईच्याच ‘रीटा वेलिणकर’ या कादंबरीवरून केलेला.

लेकीसुनांसह बसून पाहावा. संपल्यावर मत विचारण्याची घाई मात्र करूं नये.