फुकटचं, पण भरवशाचं का?

'फुकट ते पौष्टिक' असं गमतीनं म्हणणारे आपण, पैशाचा व्यवहार आला की सावध होतो. 'फुकटच्या वस्तूचा काय भरवसा?' असं विचारतो. संगणकाच्या बाबतीत हा प्रश्न आता गावागावांत आला आहे. आपली मुलं बेंगळूर-पुण्यात याच कामात आहेत आणि इथली दुकानं, शाळा, सोसायट्या त्यांच्याकडून सॉफ्टवेअर करून घेत आहेत.

मी भाषा शिकवतो, संगणक नव्हे. पण एका सोसायटीच्या संचालक मंडळावर असल्यानं हा प्रश्न माझ्यापुढेही आला. आमच्या ठेवीदारांत भाजी विकणाऱ्या मावशी आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, रोज पिग्मी भरणारे दुकानदार आहेत. माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांनी खात्यांचं नवं सॉफ्टवेअर 'जँगो' या ओपन सोर्स फ्रेमवर्कवर करून देऊ म्हटलं. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. खांब आयते मिळतात, भिंती आपण बांधायच्या. ओपन सोर्स म्हणजे तो कुणालाही उघडून पाहता, वापरता, बदलता येतो. एक ज्येष्ठ संचालक म्हणाले, "सर, उद्या बिघडलं तर कुणाच्या दारात जायचं?" प्रश्न रास्त होता. जँगोच्या परवान्यातच लिहिलं आहे, की हमी कसलीही नाही.

हमी नाही, तर पारख हवी. सोयरिक जुळवताना आपण चौकशी करतो, तशीच इथंही करावी.

पहिलं, घराणं. जँगोचा जन्म 2003 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सासमध्ये, 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. बातम्यांच्या रोजच्या घाईत वापरून पारखलेलं हे साधन 2005 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. 2008 पासून त्यामागे स्वतंत्र संस्था आहे. इन्स्टाग्रामही त्यावरच उभं राहिलं.

पण नुसतं मोठं नाव पुरत नाही. अँग्युलरजेएस हे तर खुद्द गूगलचं फ्रेमवर्क. तरी 2021 च्या अखेरीस गूगलनं त्याची देखभाल थांबवली. म्हणून दुसरा प्रश्न, पुढं किती वर्षं लक्ष दिलं जाणार? जँगोच्या ठरावीक आवृत्त्यांना तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. एप्रिल 2025 मध्ये आलेल्या 5.2 साठी ही मुदत एप्रिल 2028 पर्यंत आहे. मुदत आधीच ठाऊक असली, की पुढच्या खर्चाची तरतूद करता येते.

तिसरं, चूक सापडल्यावरची वागणूक. डिसेंबर 2021 मध्ये 'लॉगफोरजे' या असंख्य ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या ओपन सोर्स साधनात मोठं भगदाड सापडलं. ते सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी काही दिवसांत दुरुस्त्या दिल्या. पण ज्यांनी त्या बसवल्याच नाहीत, त्यांचं दार उघडं राहिलं. दुरुस्ती देणं त्यांच्या हाती, बसवणं आपल्या.

चौथं, आपल्या घरात नांदेल का? जँगोच्या भाषांच्या यादीत कन्नड आणि मराठी दोन्ही आहेत. मात्र यादीत नाव असणं वेगळं आणि प्रत्येक सूचना आपल्या भाषेत दिसणं वेगळं. जोडाक्षरांची आडनावं दोन्ही लिपींत टंकून, पासबुकावर छापून पाहावीत.

हे सगळं पाहून आम्ही होकार दिला, पण अटींवर. तीन महिने जुनी आणि नवी पद्धत शेजारी शेजारी चालवायची, रोज संध्याकाळी बाकी जुळवायची. बॅकअप नुसता घ्यायचा नाही, दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवायचा. दुरुस्त्या कुणी आणि किती दिवसांत बसवायच्या, हे करारात लिहायचं.

आणि 'कुणाच्या दारात' याचं उत्तर? सांगाडा खुला असल्यानं तो जाणणारा दुसरा कारागीर मिळू शकतो. मात्र त्यावर बांधलेल्या भिंतींचा नकाशा, म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरचा पूर्ण कोड आणि त्याची लेखी माहिती, आपल्या कपाटात हवी. सॉफ्टवेअर करून घेणाऱ्यानं शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ती ताब्यात घ्यावी. मग करणारा मुलगा घरचा का असेना.