नळीवरची बारीक अक्षरं

संपादकांनी मला इथेनॉलवर लिहायला पाठवलं होतं. लातूरच्या मांजरा पट्ट्यातला ऊस, कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या, तिथून पेट्रोल पंप, असा सरळ रस्ता आखून निघालो. नांदेडला देगलूर नाक्याच्या बाजूला एका गॅरेजात थांबलो आणि लेख तिथंच अडकला, वीतभर लांबीच्या एका काळ्या रबरी नळीपाशी.

सरकारी इतिहास थोडक्यात असा. २००१ मध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प देशात तीन ठिकाणी झाले. त्यांतले दोन आपल्याच राज्यात, मिरज आणि मनमाडला. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण आलं, २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं २० टक्के. उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं, ही मराठवाड्यासाठी चांगलीच गोष्ट आहे. पण त्याच उसाच्या वाटेनं दूध घालायला निघालेली एम-८०, लुना किंवा पहिल्या पिढीची स्प्लेंडर बनली, तेव्हा तिच्या पेट्रोल पाइपाला या मिश्रणाची ओळखही नव्हती.

गॅरेजच्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणतात. वय साठीच्या आसपास, नखांत कायमचं काळं. माझ्यासमोर त्यांनी एका मारुती ८०० ची नळी उतरवली, ब्लेडनं उभी चिरली आणि उघडून हातात दिली. बाहेरून धडधाकट, आतली भिंत मात्र मऊ, चिकट, बोट लावलं की काळं निघणारी. "वरून चांगली दिसायलीय ना? पण आतून गेलीय," ते म्हणाले. "हाच काळा कचरा पुढं जाऊन जेटमधी बसतो. मालक म्हणतो कार्बोरेटर साफ करा. तिसऱ्यांदा साफ करायलो."

जुन्या नळ्या बहुधा नायट्राइल रबराच्या. निव्वळ पेट्रोलला हे रबर चांगलं टिकतं. इथेनॉलचे रेणू लहान; ते पेट्रोलच्या जोडीनं रबरात शिरतात आणि नळी फुगते. विशेष म्हणजे निव्वळ पेट्रोलमध्ये किंवा निव्वळ इथेनॉलमध्ये ती फुगते त्याहून जास्त ती दोघांच्या मिश्रणात फुगते. रबर लवचीक राहावं म्हणून घातलेली द्रव्यंही हळूहळू विरघळून जातात. मग गाडी महिना-दोन महिने उभी राहिली, नळी वाळली, की ती आकसते, कडक होते आणि नेमकी क्लिपजवळ तडकते. म्हणूनच रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा वाड्यात झाकून ठेवलेल्या गाडीबद्दल उस्ताद जास्त धास्तावतात.

धोका कुठं दिसेल हे नळीच्या जागेवर ठरतं. मोटारसायकलीत पेट्रोल टाकीतून आपल्या वजनानं खाली येतं. तडा गेला तर इंजिनाच्या गरम फिन्सवर थेंब पडतात. कार्बोरेटरच्या कारमध्ये पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, त्यामुळे त्या बाजूची नळी फुटली तर गळतीऐवजी हवा आत शिरते, आणि मेच्या उन्हात गाडी चढावर दम तोडते. इंजेक्शनच्या गाडीत दाब साधारण ३ बारचा. तिथं बारीक तड्यातूनही फवारा उडतो.

म्हणून उस्ताद नळी हातात घेतली की आधी चष्मा काढतात आणि तिच्या अंगावरची पांढरी अक्षरं वाचतात. शाळा त्यांनी लवकर सोडली, पण ही लिपी त्यांना पक्की येते. एसएई जे३० आर७ म्हणजे कमी दाबाची, कार्बोरेटरची नळी. आर९ इंजेक्शनच्या दाबाची. तिचा आतला थर बहुधा फ्लोरोकार्बन रबराचा असतो. हेच रबर ड्यूपाँटनं १९५७ मध्ये व्हायटन या नावानं बाजारात आणलं, आणि इथेनॉलपुढं ते टिकतं. त्यामुळे दाब कमी असला तरी जुन्या कारला ते आर९ च घालतात. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणारी नळी मात्र आर१० ची लागते, कारण आर९ चं बाहेरचं आवरण बुडवून ठेवण्यासाठी केलेलं नसतं.

त्यांचं बसवणंही बघत राहावं असं आहे. काप ब्लेडनं, अगदी काटकोनात. क्लिप नवी आणि गोल कडेची, कारण दातेरी पट्टीची क्लिप आवळताना रबरात रुतते. नळी सायलेन्सरपासून लांब, कुठंही घासणार नाही अशी. मग इंजिन चालवून प्रत्येक सांध्याभोवती कोरडा कागद फिरवायचा आणि गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी पुन्हा तोच कागद.

भिंतीवरच्या खिळ्याला त्यांनी उतरवलेल्या नळ्या टांगल्यात. त्यांत गवंड्याची लेव्हल पाइप आहे, ठिबकची मायक्रोट्यूब आहे, सलाइनची नळीही आहे. आत पेट्रोल दिसतं म्हणून लोकांना पारदर्शक नळी आवडते. काही आठवड्यांत ती पिवळी पडून काडीसारखी कडक होते. वाटेत गाडी बंद पडलेल्या शेतकऱ्यानं हाताशी होतं ते लावलं, यात त्याचा दोष मला दिसत नाही. दोष असा की तेच पुढं वर्षभर तसंच राहतं.

खरी नळी मिळवणं ही इथली मोठी अडचण. दुकानात रीळ असतं, मीटरवर कापून देतात. पुष्कळ रिळांवर काहीच छापलेलं नसतं. ना दर्जा, ना तारीख. "व्हायटनच आहे" असं सांगितलं जातं, आणि काळं रबर काळ्या रबरासारखंच दिसतं. छापील अक्षरंही नकली असू शकतात. नकली असल्याचं कळतं ते काही महिन्यांनी, वासानं.

ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानं सांगितलं की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, आणि ते काम स्वस्तात, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होतं. काम स्वस्त आहे हे खरं. पण ज्या एम-८० ची मीटर केबल केव्हाच तुटलीय, तिचे किलोमीटर कोण मोजणार? जिला सर्व्हिसिंग म्हणजे फक्त ऑइल बदलणं, तिच्या मालकाला हा निरोप पोचवणार कोण? माझ्या मते तो पंपावर, नोझलशेजारी, मराठीत लिहिलेला असायला हवा.

नळी बदलून काम संपतही नाही. इथेनॉल टाकीतला जुना गंज आणि राळ सैल करतं, ओलावा ओढून घेतं; पुढं फिल्टर तुंबतो. कार्बोरेटरच्या सुईचं टोक, पंपातला पडदा, टाकीचं गॅस्केट, सगळं त्याच काळातलं, त्याच रबराचं. एक भाग नवा घातला की दुसरा गळायला लागतो आणि मालकाला वाटतं मिस्त्री फसवतोय. या संशयाचा उस्तादांना मनापासून त्रास होतो.

चिरलेल्या नळीच्या त्या मारुतीला तीन मापांच्या नळ्या लागतात. परतीच्या नळीचं माप नांदेडात मिळालं नाही. हैदराबादहून पार्सल यायचंय. मालकाला दुसऱ्या दिवशी उदगीरला लग्नाला जायचं होतं. तो म्हणाला, सध्या साधी नळी घाला, आल्यावर बदलू. उस्तादांनी टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढलं, कॅन त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "लग्नाला एसटीनं जावा."