मातीची हजेरी

पावसात बडोद्याची काळी माती चपलेला चिकटते. तेवढ्याशा मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, पण प्रयोगशाळेतल्या बशीत शंभरात एखादाच वाढतो. मग बाकीचे ओळखायचे कसे?

मातीतून थेट डीएनए काढतात आणि त्यातलं १६एस नावाचं जनुक वाचतात. ते सगळ्या जिवाणूंत असतं. त्याचे काही भाग मात्र गटागणिक बदलतात. त्यावरून कोण कोण आहे ते कळतं. १९७७ मध्ये कार्ल वूझ यांनी याच रेणूवरून आर्किया हा निराळा गट ओळखला.

पण गोम अशी, की मेलेल्यांचा डीएनएही मातीत टिकतो. वसईला आमच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत आजीचं नाव अजून आहे. आजी मिस्साला येत नाही. यादी मिळाली, तरी जिवंत कोण आणि कोण काय करतं, हे वेगळं शोधावं लागतं.