घराच्या छपरावरील वीज : अडचणी व उपाय

कोरडवाहू मुलखात पावसाचा भरवसा नसतो. उन्हाचा मात्र असतो. एक किलोवॉट क्षमतेच्या सौरसंचास सुमारे शंभर चौरस फूट मोकळे छप्पर लागते व त्यापासून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळू शकते. तरीही अनेक कुटुंबे या लाभापासून वंचित राहतात. याची कारणे बहुतांशी नियमांत व कागदपत्रांत सापडतात.

पहिली अडचण भांडवलाची होय. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एक किलोवॉटास ३०,००० रुपये, दोन किलोवॉटांस ६०,००० रुपये व तीन किंवा अधिक किलोवॉटांस ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान ठेवले आहे. परंतु ते संच कार्यान्वित झाल्यावर खात्यात जमा होते. तोवरची रक्कम पदरची घालावी लागते किंवा बँकेचे कर्ज काढावे लागते.

दुसरी अडचण नावाची. वीजजोडणी मयत वडिलांच्या नावे आणि घर भावाभावांत सामाईक, अशी स्थिती खेड्यांत पुष्कळ आढळते. अर्ज तेथेच अडतो.

तिसरी अडचण दरांची. थोडी वीज वापरणाऱ्यास ती कमी दराने मिळत असल्याने संचापासून त्याची बचतही थोडीच होते. उलट, अधिक वीज वापरणाऱ्याकडून वितरण कंपनीस चढा दर मिळतो. असा ग्राहक स्वतः वीज निर्माण करू लागला की कंपनीचे उत्पन्न घटते. नेट मीटरच्या नियमांबाबत जी ओढाताण चालते, तिचे मूळ येथे आहे.

काही अडसर दूरही झाले आहेत. २०२४ मध्ये दुरुस्त झालेल्या केंद्रीय नियमांनुसार दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जांस तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही.

एक गोष्ट शेतकऱ्यांस आधीच स्पष्ट सांगावी. वाहिनीस जोडलेला साधा संच वीजपुरवठा बंद होताच थांबतो. वाहिनीवर काम करणाऱ्या कामगाराच्या जिवास धोका पोहोचू नये, हा त्यामागील हेतू आहे. भारनियमनातही दिवा हवा असल्यास बॅटरीची सोय करावी लागते व तिचा खर्च निराळा येतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी वीजबिलावरील नाव, थकबाकी, छपराची मजबुती व त्यावर पडणारी सावली या चार गोष्टी पाहाव्यात. बिलावरील नाव वेळीच बदलून घेतल्यास पुढील पुष्कळ हेलपाटे वाचतील.