वन्य जीव परवाने

संरक्षित वन्य प्राणी पकडणे वा मारणे, संरक्षित वनस्पती तोडणे वा गोळा करणे यांसारख्या एरवी निषिद्ध असलेल्या कृती विशिष्ट कारणासाठी व ठराविक अटींवर करण्यास शासनाने दिलेली लेखी अनुमती म्हणजे वन्य जीव परवाना होय. भारतात असे परवाने मुख्यत्वे वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये दिले जातात. मूळ अधिनियमात शिकारीच्या परवान्यांचीही तरतूद होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने रद्द झाली. तेव्हापासून परवाना हा केवळ अपवाद असून त्याची कारणे लेखी नमूद करण्याची जबाबदारी तो देणाऱ्या अधिकाऱ्यावर असते.

कलम १२ अन्वये राज्याचा मुख्य वन्य जीव रक्षक शिक्षण, शास्त्रीय संशोधन, प्राणिसंग्रहालयांसाठी नमुने मिळविणे, जीवरक्षक औषधांकरिता सर्पविष काढणे इ. कारणांसाठी परवाना देतो. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत केंद्र शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक असते. सापांच्या कातड्यांचा व्यापार बंद झाल्याने तमिळनाडूतील इरुळा जमातीची उपजीविका हिरावली गेली. या जमातीची १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था परवान्यानुसार नाग, मण्यार, घोणस व फुरसे पकडते आणि विष काढून झाल्यावर त्यांना पुन्हा सोडून देते. हे विष सर्पदंशावरील लस तयार करण्यास लागते.

कलम ११ मनुष्याच्या जीवितास धोकादायक झालेल्या आणि असाध्य रोगाने वा जखमांनी विकल झालेल्या प्राण्यांसंबंधी आहे. तथापि प्राण्यास पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलविणे शक्य नाही, अशी खात्री झाल्याखेरीज त्यास ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील ‘टी-१’ (अवनी) या वाघिणीस तेरा माणसांच्या मृत्यूस कारणीभूत मानण्यात आले होते. तिच्याविषयीच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये नकार दिला व २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती मारली गेली. तिला बेशुद्ध करण्याचा पुरेसा प्रयत्न झाला होता की नाही, यावर पुढे मोठा वाद झाला. ग्रामस्थांची सुरक्षितता व प्राण्याचे संरक्षण यांचा मेळ घालताना परवान्यातील अटींना किती महत्त्व असते, हे या प्रकरणातून दिसून आले.

घटपर्णी, कोष्ठ, निळी वांडा इ. विनिर्दिष्ट वनस्पतींना १९९१ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले. शिक्षण, संशोधन, वनस्पतिसंग्रह व अभिवृद्धी यांसाठी त्या गोळा करण्याचा परवाना मिळू शकतो. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीस मात्र आपल्या राहत्या जिल्ह्यात स्वतःच्या खऱ्याखुऱ्या गरजेपुरत्या त्या घेण्यास हे कलम आड येत नाही.